.२२ स्पोर्ट पिस्तूल वारंवार अडकतं? वंगणाविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

२५ मीटर पिस्तूल हा महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा प्रकार आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर .२२ पिस्तूल हातात घेणाऱ्या मुलामुलींची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी वाढली. त्यांचे पालक, कोच आणि ते स्वतः मला सर्वांत जास्त वेळा एकच गोष्ट विचारतात: पिस्तूल मध्येच का अडकतं आणि त्यावर तेल किती घालायचं? गेली बरीच वर्षं मी स्वतः हा प्रकार खेळतो आणि रेंजवर इतरांची पिस्तुलं उघडून पुसून देतो. त्यातून जे हाताला कळलं ते इथे लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. खालचं काहीही करण्यापूर्वी मॅगझिन (काडतुसांची डबी) काढा, बोल्ट (मागे-पुढे सरकणारा धातूचा ठोकळा) मागे ओढून चेंबर (काडतूस बसतं ती नळीमागची जागा) डोळ्यांनी पाहा, करंगळीने चाचपा आणि सेफ्टी फ्लॅग, म्हणजे चेंबर रिकामं असल्याची खूण दाखवणारी पट्टी, घाला. तेलाची बाटली उघडताना टेबलावर काडतूस नको.

.२२ पिस्तूलच इतकं का अडकतं? ९ मिलिमीटरची पिस्तुलं तर धुळीतही चालतात.

कारण .२२ लाँग रायफल हे काडतूसच मुळात १८८७ सालचं आहे. ते तयार झालं तेव्हा आपोआप भरणारी पिस्तुलं नव्हतीच. त्याच्या पुंगळीला, म्हणजे पितळी नळकांड्याला, मागे बाहेर आलेला काठ आहे, त्याला आपण रिम म्हणतो. बार पेटवणारा मसाला या रिमच्या पोकळीत असतो, म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं. पुढे उघडी, मऊ शिशाची गोळी. ती पुंगळीइतक्याच जाडीची, म्हणजे तिच्यावरचं वंगण पुंगळीच्या आत झाकलेलं नसून बाहेर उघडं असतं. हात लागला की बोटाला मेण लागतं ते हेच.

आता पिस्तुलाकडे पाहा. वॉल्थर जीएसपी असो, पार्दिनी एसपी असो की जुनं हॅमर्ली २०८, बोल्ट कुठेही कुलूपबंद नसतो. तो फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोरावर बंद राहतो आणि पुंगळीच्या धक्क्याने मागे जातो. हा धक्का किती? ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरपेक्षाही कमी वेगाने निघते. ९ मिमीच्या तुलनेत धक्का तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. एवढ्याशा ताकदीत बोल्टने मागे जायचं, पुंगळी ओढून बाहेर फेकायची, हॅमर चढवायचा, स्प्रिंग दाबायची आणि परत येताना नवं काडतूस मॅगझिनमधून ढकलून चेंबरमध्ये बसवायचं. शिल्लक काही उरतच नाही. त्यामुळे वाटेत थोडं जरी घर्षण वाढलं तरी साखळी तुटते. ९ मिमी हे घर्षण अंगावर घेतं, .२२ घेऊ शकत नाही.

मग वंगण नेमकं कशासाठी? बोल्ट तर हाताने छान सरकतो.

हाताने सरकतो, कारण तुमच्या हातात बोल्टच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी जास्त जोर आहे. हाताने ओढून पाहणं ही चाचणी नव्हे.

घर्षण तीन ठिकाणी होतं. पहिलं बोल्ट आणि त्याच्या मार्गिकेत. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तेल तिथेच ओतलं जातं. दुसरं मॅगझिनमध्ये: काडतुसं एकमेकांवर घासत वर चढतात, वरचं काडतूस मॅगझिनच्या ओठांखालून घासत पुढे जातं. तिसरं गोळीच्या नाकाचं: ती चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतरणीवर, म्हणजे फीड रॅम्पवर आपटते, वर वळते आणि चेंबरच्या कडेला घासून आत जाते. माझा अनुभव असा की दहातल्या सात-आठ तक्रारी दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणच्या असतात आणि तेल मात्र पहिल्याच ठिकाणी पडलेलं असतं.

साताऱ्याची एक मुलगी मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे आली. रॅपिडच्या, म्हणजे ठरावीक सेकंदांत एकेक गोळी मारायच्या टप्प्यातल्या, पाच गोळ्यांच्या सिरीजमध्ये चौथी गोळी हमखास अडकायची. बोल्ट तेलाने नुसता निथळत होता. मी मॅगझिन मागितलं, तर ती म्हणाली, "सर, मॅगझिनमध्ये काय असतं साफ करायला?" मॅगझिनचा तळ काढला, स्प्रिंग बाहेर घेतली आणि आतल्या भिंतीवरून इअरबड फिरवला. इअरबड काळपट तपकिरी होऊन आला, त्यावर शिसं, जळलेली पावडर आणि मेण यांचा मलमासारखा थर. बोटांत चोळला तर खडीसाखरेचा चुरा लागावा तसा खरखरीत. काडतुसं वर ढकलणारा फॉलोअर त्या थरात रुतत रुतत वर यायचा, त्यामुळे पहिल्या तीन गोळ्यांपर्यंत स्प्रिंग दाबलेली असल्याने जोर पुरायचा, चौथीला स्प्रिंग सैल पडली की काडतूस वेळेवर जागेवर पोचायचं नाही. मॅगझिन पुसलं, आत वंगणाचं नाव घेतलं नाही, फक्त गोळ्यांच्या नाकांना तेलाचा हात लावला. त्या दिवशी तिने ६० गोळ्या एकही अडथळा न येता मारल्या.

गोळीला तेल लावायचं? हे बरोबर आहे का?

ऐकायला विचित्र वाटतं हे मान्य. पण टार्गेट पिस्तुलाच्या जगात ही फार जुनी सवय आहे. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन मॉडेल ४१ वापरणारे नेमबाज वरच्या काडतुसाच्या नाकावर तेलाचा ठिपका ठेवतात. कारण साधं आहे. गोळीवरचं मेण हे नळीत शिसं चिकटू नये म्हणून असतं. रॅम्पवरून सरकायला ते मदत करेलच असं नाही. मेण कोरडं आणि कडक झालं की मऊ शिसं रॅम्पवर घसरण्याऐवजी खरवडलं जातं. त्या जागी पातळ तेलाचा पापुद्रा आला की नाक सरळ वर वळतं.

अट एकच: ओलावा हवा, थेंब नको. मी कसं करतो ते सांगतो. लाकडाच्या ठोकळ्याला भोकं पाडून घेतली आहेत, त्यात काडतुसं रिम खाली, नाक वर अशी उभी राहतात. इअरबडच्या टोकाला एक थेंब घेतो, तो टिश्यूवर दाबून जवळजवळ कोरडा करतो, मग प्रत्येक नाकाच्या गोलाईवरून एकदा अलगद फिरवतो. नुसतं नाक. पुंगळीपर्यंत यायचं नाही. एका थेंबात तीसेक काडतुसं होतात. उजेडात धरलं तर नाकावर बारीकशी चमक दिसावी. ओघळ दिसला तर पुसून टाका.

तेवढा वेळ नसेल तर पाच गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये फक्त वरच्या काडतुसाला लावा. बोल्ट पुढे जाताना ते तेल रॅम्पवर पसरतं आणि मागच्या चारांनाही उपयोगी पडतं.

पुंगळीला तेल लागलं तर काय बिघडतं?

दोन गोष्टी. बार उडताना पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला क्षणभर घट्ट धरतं, त्यामुळे बोल्टवरचा मागचा दाब थोडा आवरला जातो. पुंगळी आणि चेंबर तेलकट असेल तर ही पकड कमी होते, बोल्ट जास्त जोरात मागे येतो आणि मागच्या बफरला, म्हणजे धक्का झेलणाऱ्या मऊ तुकड्याला, रोज थपडा बसतात. पार्दिनीसारख्या पिस्तुलांत हा बफर तसाही झिजणारा भाग आहे, त्याचं आयुष्य आणखी कमी कशाला करायचं?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. .२२ मध्ये गोळी पुंगळीच्या तोंडात फक्त दाबून बसवलेली असते. पातळ तेल त्या सांध्यातून आत झिरपतं. पावडर किंवा रिममधला मसाला ओला झाला की काडतूस फुसकं निघतं किंवा गोळी अर्ध्या ताकदीने जाते. म्हणून तेल लावलेली काडतुसं त्याच दिवशी संपवायची. उरली तर कोरड्या फडक्याने पुसून वेगळ्या डबीत ठेवा आणि पुढच्या सरावात पहिली तीच मारा. मॅचसाठी जपून ठेवू नका.

तेल लावल्याने नेम बिघडतो का?

नाकावरच्या पापुद्र्याने टार्गेटवर माझ्या गोळ्या किती जवळजवळ लागतात त्यात फरक पडलेला मी पाहिला नाही. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरून मारायच्या टप्प्याच्या, टार्गेटवर १० चं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं, रॅपिडच्या टार्गेटवर १०० मिलिमीटरचं. त्या मापात तुमचा ट्रिगर आणि मनगट यांच्या चुका तेलापेक्षा कितीतरी मोठ्या असतात.

नळीत तेल राहिलं असेल तर मात्र पहिल्या एक-दोन गोळ्या नक्की भरकटतात. म्हणून साफ केल्यावर कोरडं कापड नळीतून फिरवा आणि साईटिंगच्या (नेम जुळवायच्या) पाच गोळ्या मनापासून मारा, त्या वाया घालवू नका.

कोणतं तेल वापरू?

पातळ, स्वच्छ आणि न सुकणारं. बॅलिस्टॉल चांगलं, शस्त्रांसाठी मिळणारं कुठलंही हलकं सिंथेटिक तेल चांगलं आणि खरं सांगायचं तर शिलाई मशीनचं चांगल्या प्रतीचं तेल गोळीच्या नाकासाठी अगदी पुरेसं आहे. आमच्या पिढीने त्याच्यावरच पदकं काढली.

काय नको ते मात्र नीट ऐका. खोबरेल, शेंगदाण्याचं, एरंडेल, घरातलं कुठलंही खाण्याचं तेल नको. थंडीत खोबरेल गोठतं हे आपल्या आजीलाही माहीत आहे, पण उन्हाळ्यातही ही तेलं हवेने घट्ट होत जातात आणि महिन्याभरात मार्गिकेत डिंकासारखा थर बसतो. एकदा एका पालकांनी मोठ्या मायेने मुलाच्या पिस्तुलाला बदामाचं तेल लावून दिलं होतं. तो डिंक काढायला मला एक अख्खी दुपार लागली.

डब्ल्यूडी-४० मळ सैल करायला आणि ओल हटवायला ठीक आहे, वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका. त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे नावापुरता थर राहतो. शिवाय ते झिरपण्यात पटाईत आहे, त्यामुळे काडतुसांच्या आसपासही नको. रॉकेलने साफ करायची जुनी पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. मळ निघतो, पण धातू अगदी कोरडा पडतो आणि पावसाळ्यात दोन दिवसांत त्यावर तांबूस गंज दिसतो. रॉकेल वापरलंच तर मोकळ्या हवेत, ठिणगीपासून लांब वापरा आणि नंतर लगेच तेलाचं फडकं फिरवा.

ग्रीस चालेल का?

बोल्टच्या मार्गिकेवर, तांदळाच्या दाण्याएवढं, बोटाने पसरून. बस्स. मॅगझिनमध्ये, रॅम्पवर, चेंबरजवळ कुठेही नाही.

आधी साफ करायचं की थेट तेल लावायचं?

आधी साफ. हा क्रम चुकला तर बाकी सगळं व्यर्थ आहे. मळावर तेल घातलं की घासणारं मलम तयार होतं, ते धातू झिजवतं आणि पहिल्या पन्नास गोळ्यांनंतर पिस्तूल पूर्वीपेक्षा जास्त अडकतं. पुष्कळ जण म्हणतात, "तेल लावल्यावर एक दिवस चांगलं चाललं, मग परत तेच." त्यामागे बहुतेक वेळा हीच भानगड असते.

साफ करताना मी पाच जागा पाहतो. बोल्टचा तोंडाचा भाग, जिथे रिम टेकते. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, नखाखालची फट. इथे मेण आणि शिसं इतकं घट्ट बसतं की नख रिमला पकडतच नाही, टोकदार केलेल्या बांबूच्या काडीने ते उकरून काढावं. रॅम्प आणि चेंबरची कडा. चेंबरच्या आत, जिथे पुंगळीच्या पुढच्या टोकाशी मेणाचं कडं तयार होतं. काडतूस शेवटचा अर्धा मिलिमीटर आत जात नाही ते या कड्यामुळे. आणि मॅगझिन, आतून.

लोखंडी स्क्रूड्रायव्हर किंवा सुई यांपैकी कुठेही नको. चेंबरच्या कडेला एक ओरखडा पडला की प्रत्येक गोळीचं शिसं तिथे खरवडलं जाणार, आणि तो ओरखडा पुसता येत नाही. लाकूड, बांबू, जुना टूथब्रश आणि कापड एवढ्यावर सगळं भागतं.

नळीच्या मागे रोज लागू नका. .२२ ची नळी मेणाने आतून बसलेली असते आणि तशीच चांगली मारते. चेंबर आणि बोल्ट दर सरावानंतर, मॅगझिन दर आठवड्याला, हे माझं वेळापत्रक.

हात धुवायला विसरू नका. तो काळा थर म्हणजे शिसं आहे. मुलांना मी रेंजवर पाणी पिण्याआधी साबणाने हात धुवायला लावतो आणि यावर मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

मॅगझिनला आतून काय लावू?

शक्यतो काहीच नाही. स्वच्छ, कोरडं मॅगझिन हे तेलकट मॅगझिनपेक्षा बरं. तेल लावलं की पावडरीचा मळ तिथेच चिकटणार आणि काडतुसं दिवसभर तेलात उभी राहणार. अगदीच खरखर वाटत असेल तर टेफ्लॉनचं कोरडं वंगण आतल्या भिंतीला लावून पूर्ण वाळू द्या. ओठांच्या आतल्या बाजूला तेलाचं बोट फिरवून लगेच पुसून घेतलं तरी काम होतं.

मॅगझिन भरताना एक गोष्ट पाहा: प्रत्येक काडतुसाची रिम खालच्या काडतुसाच्या रिमच्या पुढे असली पाहिजे. वरची रिम मागे अडकली तर बोल्ट दोन्ही काडतुसं एकदम ओढायला जातो. हे तेलाने सुटत नाही. भरून झालं की मॅगझिनची पाठ तळहातावर हलकेच आपटा आणि बाजूच्या खाचेतून रिमा नजरेखाली घाला.

माझी नेहमी पहिलीच गोळी अडकते. का?

बहुतेक तुम्ही बोल्ट हाताने धरून हळूहळू पुढे नेता. तसं करू नका. पूर्ण मागे ओढा आणि सोडून द्या. त्याला धावायला वाट मिळाली तरच काडतूस आत बसतं.

आणि शेवटची अडकते तेव्हा?

मॅगझिनची स्प्रिंग थकली आहे किंवा फॉलोअर मळात रुततो आहे. आधी साफ करा. तरी तसंच राहिलं तर स्प्रिंग बदला, ताणून लांब करू नका. मधलीच कुठलीतरी अडकत असेल, कधी दुसरी तर कधी चौथी, तर संशय काडतुसांवर किंवा चेंबरमधल्या मेणाच्या कड्यावर घ्या. आणि दोनपैकी एकाच मॅगझिनमध्ये त्रास होत असेल तर पिस्तुलाला हात लावायची गरजच नाही. मॅगझिनांवर रंगाने १, २ असे आकडे घाला आणि वहीत लिहा: कोणतं मॅगझिन, कितवी गोळी, कसं अडकलं. दोन आठवड्यांत वही स्वतःच उत्तर देते.

काडतूस बदलून पाहू का?

जरूर, पण पिस्तूल साफ केल्यावर. एली, एसके, लापुआ, सीसीआय, प्रत्येकाचं मेण वेगळं असतं. कुणाचं कोरडं आणि बोटाला न लागणारं, कुणाचं चिकट आणि ओलसर. नाकाचा आकारही किंचित वेगळा असतो. एका पिस्तुलाला जे मानवतं ते शेजारच्या पिस्तुलाला मानवेल असं नाही, अगदी दोन्ही एकाच कंपनीची असली तरी. एली आणि एसके यांची खास पिस्तुलासाठी केलेली काडतुसं आहेत, सुरुवात तिथून करा.

आपल्याकडे अडचण अशी की ही काडतुसं बाहेरून येतात, महाग पडतात आणि हवी तेव्हा हवी ती मिळत नाहीत. मुलांना मिळेल त्यावर सराव करावा लागतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मॅचच्या दिवशी वेगळी काडतुसं हातात आली की मुलाचा विश्वास हलतो. निदान मॅचपुरती एका लॉटची (एकाच वेळी बनलेल्या खेपेची) चार-पाच पाकिटं बाजूला ठेवा आणि त्याच लॉटवर आधी किमान १०० गोळ्या मारून पाहा.

थंडीत त्रास वाढतो का?

हो. दिल्लीच्या कर्णी सिंग रेंजवर जानेवारीत सकाळची डिटेल (नेमबाजांची पाळी) लागली की महाराष्ट्राची मुलं हैराण होतात. पुण्यात सुरळीत चालणारं पिस्तूल तिथे दर सिरीजला अडकतं. थंडीने मेण कडक होतं आणि बोल्टवरचं तेल घट्ट होतं. मार्गिकेवरचं ग्रीस पूर्ण पुसून पातळ तेल लावा, तेही नेहमीपेक्षा कमी. काडतुसांचं पाकीट जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. नाकाला तेल लावण्याचा फायदा सर्वांत जास्त कुठे दिसत असेल तर तो अशा सकाळी.

उन्हाळ्यात उलटं. बंद गाडीत काडतुसं ठेवली की मेण वितळून पाकिटात उतरतं, नाकं उघडी पडतात आणि रिमांवर मेणाचा चिकट थर बसतो. ती काडतुसं मॅचला वापरू नका.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात गंजाचं भय असतं म्हणून लोक पिस्तुलाला तेलाची आंघोळ घालून पेटीत ठेवतात. पेटीत ठेवताना तेल असू द्या, त्याला हरकत नाही. पण रेंजवर नेण्याआधी ते पुसा, विशेषतः फायरिंग पिनच्या, म्हणजे रिमवर आपटून बार उडवणाऱ्या खिळीच्या, वाटेतलं. तिथे तेल साचलं की पिनचा फटका मंदावतो आणि काडतूस फुटत नाही. अक्रोडाच्या लाकडी ग्रिपला तेल लागू देऊ नका. लाकूड तेल पितं, फुगतं आणि महिनोन्महिने घासून हाताला बसवलेली ग्रिप हाताला परकी होते.

मॅचमध्ये अडकलं तर काय करायचं?

पिस्तुलाला काही करायचं नाही. नळी टार्गेटकडेच ठेवा, ग्रिप सोडू नका, रिकामा हात वर करा आणि रेंज ऑफिसरची वाट पाहा. घाईने बोल्ट ओढलात तर मॅलफंक्शन, म्हणजे पिस्तुलातला बिघाड, मान्य होत नाही. नियमच तसा आहे: ऑफिसरने पाहण्याआधी नेमबाजाने यंत्रणेला हात लावला की दावा संपला. काडतूस अडकलं, पुंगळी बाहेर पडली नाही, बार फुटला नाही, ही कारणं मान्य होतात. मॅगझिन नीट बसवलं नव्हतं, भरायला विसरलात, ट्रिगर पूर्ण पुढे येऊ दिला नाही, ही होत नाहीत. आणि जो दोष नेमबाजाला आधी सहज दुरुस्त करता आला असता, तोही त्याच्याच खात्यात जातो.

मान्य झालं तरी तुमची लय गेलेली असते. रॅपिडमध्ये तीन सेकंद हिरवा दिवा, सात सेकंद विश्रांती, अशा पाच वेळा. हात खाली, श्वास, हात वर, ट्रिगर. त्या लयीत तिसऱ्या गोळीला पिस्तूल गप्प बसलं की पुढच्या सिरीजमध्ये बोट ट्रिगरवर घाबरत जातं. मी वंगणाबद्दल एवढा आग्रही का, याचं खरं कारण हे आहे. एका अडथळ्याने गुण जातात त्यापेक्षा मुलाचा पिस्तुलावरचा भरवसा जातो, आणि तो परत यायला महिने लागतात.

काडतुसांच्या नाकाला तेल लावायचं काम तयारीच्या वेळेआधीच उरकून घ्या. भरण्याची आज्ञा झाल्यावर इअरबड शोधत बसायला सवड नसते. शिवाय तेलाचं बोट ग्रिपला लागलं तर पकड घसरते, म्हणून खिशात कोरडं फडकं असू द्या.

अडकलेलं काडतूस कसं काढायचं?

सरावात, नळी टार्गेटकडे ठेवून, बोट ट्रिगरपासून दूर. ट्रिगर दाबला आणि बार झाला नाही, तर अर्धा मिनिट तसंच थांबा, उशिरा फुटण्याची शक्यता असते. मग मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, काडतूस खाली पडू द्या.

आडवं रुतलेलं काडतूस बोल्ट आपटून आत बसवायचा प्रयत्न कधीही करू नका. मसाला रिममध्ये आहे. रिमवर कुठेही कडक धातूचा आघात झाला तर ते चेंबरबाहेर फुटू शकतं आणि पितळाचे तुकडे तुमच्या डोळ्यांकडे येतात. चष्मा लावल्याशिवाय २५ मीटरच्या लाइनवर उभंच राहू नका.

बाराचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर थांबा. गोळी नळीत अडकली असू शकते. पिस्तूल रिकामं करून नळी पाहिल्याशिवाय पुढची गोळी मारायची नाही. वर सांगितलेलं, तेल झिरपलेलं काडतूस असं करू शकतं.

सगळं केलं, तरी अडकतंच. आता?

मग वंगणाचा प्रश्न नाही. एक्स्ट्रॅक्टरचं नख झिजलं असेल, बोल्टची स्प्रिंग बसली असेल, बफर फाटला असेल, मॅगझिनचे ओठ पडून वाकले असतील, किंवा कोरड्या ट्रिगरच्या (काडतूस न भरता केलेल्या) सरावात फायरिंग पिनने चेंबरच्या कडेला खड्डा पाडला असेल. हा शेवटचा दोष मला नव्या मुलांच्या पिस्तुलांत फार दिसतो. .२२ मध्ये रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढायचा नसतो, पिस्तुलात ड्राय फायरची वेगळी सोय असेल तर तीच वापरायची. तो खड्डा पडला की प्रत्येक पुंगळी तिथे अडखळते.

स्प्रिंग कापून, रॅम्प पॉलिश पेपरने घासून, ओठ पक्कडने वाकवून "सेट" करून देणारे हौशी हात प्रत्येक रेंजवर असतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. माझ्याकडे एक पिस्तूल आलं होतं ज्याचा रॅम्प कुणीतरी इतका घासला होता की पुंगळीचा मागचा भाग आधाराविना राहायचा. पिस्तूल परवानाधारक शस्त्रकारागिराकडेच न्या, सोबत ती वही न्या. कितव्या गोळीला, कोणत्या मॅगझिनमध्ये, हे दोन शब्द त्याचा अर्धा दिवस वाचवतात.

विमानाने स्पर्धेला जाताना तेल कसं न्यायचं?

फवाऱ्याचे डबे नेऊ नका. ज्वलनशील म्हणून अडवतात. मी तर तेल नेतच नाही. पोचल्यावर गावात शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याचं दुकान विचारतो आणि तिथून तेलाची बारकी बाटली घेतो. इअरबड, बांबूची काडी आणि सुती फडकं तेवढं बॅगेत असतं.